सँडरची पाच बोटं

ऐक. बाळ्या, नुसतं ऐक. चहा गार झाला तर होऊ दे, दुसरा सांगू, पण मदी तोंड घालायचं न्हाय. नवी पेठेत माझ्याबद्दल काय बोलतात ते तुझ्या कानावर आलंच असंल. परवा मी बेलबॉटमचं कापड बघायला गेलो तर दुकानदार गल्ल्यावरून उठून उभा राहिला. मला वाटलं, मान देतोय. तर तो मागं सरकत होता! "बघा, लांबून बघा, पण हात लावू नका," म्हणला. आता मला सांग, हात न लावता टेरिकॉट कसं निवडायचं? ह्यो सगळा त्या मशीनचा प्रताप.

मशीन म्हणजे आमच्या होटगी रोडच्या शेडमधला सँडर. तू बघितला न्हाईस, म्हणून सांगतो. हातानं लाकूड घासायचा पॉलिशपेपर असतो का न्हाय, तसाच पेपर, पण दारापेक्षा रुंद आणि दोन्ही टोकं जोडून गोल केलेला. त्याला पट्टा म्हणायचं. ह्यो पट्टा वर एका रुळावर आणि खाली एका रबरी ड्रमवर ताणलेला असतो. ड्रम म्हणजे लाटणंच समज, पण म्हशीच्या पोटाएवढं. पट्टा गरागरा फिरतो आणि त्याच्या खालनं दार सरकत जातं. हिकडनं खडबडीत घातलं की तिकडनं आरशागत बाहेर. आमचे सुतार दिवसभर घासून जे करतात, ते ह्ये मशीन एक बिडी संपायच्या आत करतं. करतं म्हणजे करायला पायजे होतं.

मशीन घ्यायला अण्णांच्या मागं मीच लागलो होतो. कर्नाटकात कुटंतरी एक प्लायवूडचा कारखाना बंद पडला, त्याचं सामान लिलावात निघालं, आणि मी घरात असा काही जोर लावला की अण्णा शेवटी कंटाळून व्हय म्हणले. पण आमचे अण्णा, म्हणजे महिपती मिस्त्री, व्हय म्हणताना पण एक खिळा ठोकून ठेवतात. म्हणले, "केमच्या हिंदुरावांच्या मंगल कार्यालयाची सगळी दारं तुळशीच्या लग्नाच्या आत ह्या मशीनवर झाली पायजेत. झाली तर मशीन तुझं, शेड तुझी. न्हाय झाली तर मशीन भंगारात आणि तू कुर्डुवाडीला."

कुर्डुवाडीला म्हणजे मामाकडं. मामा रेल्वेत हाय. त्यानं माझ्यासाठी आपल्या समोरची खुर्ची बघून ठेवलीय. अगदी समोरची! मी रिटायर होईस्तवर त्याच्या तोंडाकडं बघायचं. आमचा मामा जेवताना आमटी वाढायला उशीर झाला तर "लेट किती?" म्हणून विचारतो. तू हसतोस, पण मला झोप लागत नव्हती.

तर खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा न्हाय, पूजा करायची. रंधे, करवती, पटाशी सगळं धुऊन पुसून मांडलं आणि सगळ्यात मदी सँडर, नवरदेवागत. पट्टा आदल्या दिवशीच उतरवून ठेवलेला. नवा पट्टा दसऱ्याच्या मुहूर्तावर चढवायचा, असं आमच्या चन्नवीरनं ठरवलं होतं. चन्नवीर म्हणजे आमचा मशीनवरचा माणूस, अक्कलकोटकडचा. मराठी बोलतो, पण घाबरला की कन्नडमदी घाबरतो. पूजेचं खातं बजाआत्याकडं. अण्णांची थोरली बहीण ती, तिच्यापुढं अण्णा पण टोपी नीट करून उभे राहतात. कुंकू खास केमचं. हिंदुरावांचा धंदाच कुंकवाचा, त्यांनी ऑर्डर देतानाच पुडा दिला होता. "घट्ट बसतं बरं का," म्हणले होते, "एकदा लावलं की धुतल्याबिगर हलत न्हाय."

मी टांगा करून झेंडू आणायला गेलो. चन्नवीर नारळ सोलायला नळावर. आमी परत येतोय तवर आत्यानं पूजा उरकली होती. मशीनला हळदीकुंकवाची बोटं ओढलेली, अक्षता टाकलेल्या, ऊद घमघमतोय. दसऱ्याला आमी दोघांनी नवा पट्टा चढवला. चढवताना आत कुंकू दिसलं. दिसलं तसे आपोआप हात जोडले आणि पट्टा ताणला. आता पूजेकडं कोण तपासायच्या नजरेनं बघतं, तूच सांग. न्हाय, थांब, आत्ता सांगू नको.

दसऱ्यानंतर पहिलं दार घातलं. अण्णा बाहेर यायच्या बाजूला उभे, कोटाची बटणं लावून. दार सरकत सरकत बाहेर आलं. त्याच्यावर रेघा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, लांबच्या लांब. चार रेघा जवळ जवळ आणि पाचवी जरा बाजूला, डावीकडं.

 चन्नवीरनं नुसता आपला हात त्या रेघांवर धरला. बरोबर बसला, बाळ्या. अंगठा बाजूच्या रेघेवर आणि चार बोटं चार रेघांवर. कुणीतरी दाराच्या माथ्याला हात टेकवून तसाच खाली ओढत नेल्यागत. किंवा कुणालातरी पाय धरून ओढत नेलंय आणि ते दाराला धरून ऱ्हायला बघतंय. ह्ये दुसरं मी मनात म्हणलं. चन्नवीर मोठ्यानं म्हणला. "यप्पा!" म्हणून त्यानं हात काढून लुंगीला पुसला.

दार उलटं करून घातलं. तितंच रेघा. दुसरं दार घातलं. तितंच. मी म्हणलं पट्टा खराब असंल, त्याला एखादा खडा लागला की रेघ उठते, एवढं मला ठाऊक होतं. पट्टा काढून दुसरा चढवला. (परत आत कुंकू दिसलं. परत हात जोडले.) रेघा तितंच! नवा कोरा पट्टा आणि जुनीच बोटं.

त्यात त्या मशीनला एक खोड होती. म्हणजे खोड न्हाय, ती त्याची पद्धतच हाय. पट्टा एका जागी सरळ फिरत न्हाय, जरासा डावीकडं जातो, जरासा उजवीकडं येतो. कडेला एक हवेची नळी असते, ती पट्ट्याचा काठ चाचपते आणि रुळाला सांगते, आता फिरव. आदी मला त्याचं कवतिक होतं. पण त्या रेघा बघितल्यापासनं पट्टा श्वास घेतोय असं दिसायला लागलं. आत घेतोय, बाहेर सोडतोय. नळीतनं हवा पण तशीच, फुस्स, फुस्स. आणि धूळ ओढायचा पंखा मागं हुंदके देतोय. मी दुपारचं, लख्ख उन्हात सांगतोय तुला. बाहेर मिलचा भोंगा वाजतोय, रस्त्यानं सायकली चालल्यात आणि मी शेडच्या दारात उभा राहून आत जायला कारण शोधतोय.

आमच्या शेडला लागून रत्नम्माचा कारखाना. चादरीचं सूत गुंडाळायचं काम. ती भिंतीवरनं सगळं बघायची. एके दिवशी ती आलीच. रेघा बघितल्या, माझ्याकडं बघितलं आणि म्हणली, "नंदूबाबू, ह्या मशीननं कुणाचा तरी हात खाल्लाय."

"तुमाला कुणी सांगितलं?"

"कोण कशाला सांगायला पायजे? हात दिसतोय की! तिकडं त्या बंद पडलेल्या कारखान्यात खाल्ला आसंल. म्हणून तर बंद पडला."

"अहो, तो मालकांच्या भांडणात बंद पडला."

"भांडण कशावरनं झालं?" रत्नम्मा म्हणली. "हातावरनंच झालं आसंल."

 मी बी.कॉम. पार्ट टू पर्यंत शिकलोय, पण ह्याला उत्तर त्यात नव्हतं. बोलता बोलता तिनं सहज बाहेर आलेल्या दाराला बोट लावलं. आणि चट्ट करून आवाज झाला, निळी ठिणगी उडाली, रत्नम्मा तिच्या तेलुगूत "वद्दु, वद्दु! नको, नको!" करत भिंतीपर्यंत मागं गेली. माझ्या पण हातावरचे केस उभे राहिले होते. भीतीनं न्हाय रे. म्हणजे भीतीनं पण. मशीनजवळ उभं राहिलं की ते आपोआपच उभे राहायचे, पोरानं शाळेत हजेरीला उभं राहावं तसे.

मग मी वीज मंडळात गेलो. तिथले साहेब लई शांत. म्हणले, "शॉक वायरीतनं बसतो का?"

"न्हाय, दारातनं."

"दार मीटरला जोडलंय का?"

"न्हाय हो, लाकडी दार हाय, सुटं."

"मग ती आमची वीज न्हाय," साहेब म्हणले. "आमची असती तर मीटरवर आली असती."

"मग कुणाची हाय?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "ते आमच्या खात्यात येत न्हाय. पण एक सांगू का, आमच्या घरी पण एकदा असंच झालं होतं. तुमी रूपाभवानीला नारळ देऊन बघा." सरकारी माणूस, सरकारी टेबलावर बसून हे सांगतोय! मी बाहेर आलो तेव्हा शिपायानं पण जरा लांबनंच दार उघडलं. बातमी माझ्याआदी पोचली होती.

तरी मी हरलो न्हाय. मुंबईला ज्या कंपनीची असली मशिनं असतात तिच्या इंजिनियरला ट्रंक कॉल लावला. पोस्टात अर्धा दिवस बसलो तेव्हा लागला. सगळं पोस्ट ऐकतंय आणि मी ओरडतोय, "हॅलो! रेघा! पाच रेघा येतात! व्हय, बोटांसारख्या!" पोस्टमास्तर तिकिटं चाटायचे थांबले. तिकडनं इंजिनियर एकच विचारत होते, "मशीनला नवीन काही लावलंय का? आत काही चिकटवलं, काही बसवलं?"

"न्हाय साहेब!" मी छातीवर हात ठेवून ओरडलो. "जसं आलं तसं हाय! काही लावलं न्हाय!"

आणि बाळ्या, मी खोटं बोललो न्हाय. आईशप्पथ, मला तेच खरं वाटत होतं. मग त्यांनी मशीनचं मॉडेल विचारलं, मी सांगितलं, तर तिकडनं कागद चाळल्याचा आवाज. मग म्हणले, "ते? ते अजून चालतंय?" आणि लाईन कट.

अजून चालतंय म्हणजे? काय अर्थ काढायचा माणसानं?

हिकडं आत्यानं सूत्रं हातात घेतली होती. सकाळ-संध्याकाळ मशीनच्या पोटात ऊद. नुसता धूर. रत्नम्मानं लिंबू-मिरची आणून दिली, ती कुटं बांधायची तर चन्नवीरनं पट्ट्याच्या बाजूला एक दांडी होती तिला बांधली. बांधायला बरी होती, चांगली बाहेर आलेली. अण्णा रोज येऊन बघायचे आणि जाताना म्हणायचे, "मामाचं पत्र आलंय. खुर्चीला नवीन वेत बसवून घेतलाय म्हणे."

आणि मशीन काय सुधारायचं नाव घेईना. उलट चढत गेलं. आदी नुसत्या रेघा होत्या, आता ते आपोआप थांबायला लागलं. दार निम्म्यात गेलं की खट्ट! बटणाला कुणी हात लावलेला न्हाय. आमी दोघं दोन टोकांना उभे, आणि मशीन बंद. सरकायचं पण बंद. पट्टा मात्र हळूहळू थांबणार, तोवर तो एकाच जागी घासत ऱ्हायचा आणि दाराच्या मधोमध जळका काळा पट्टा उठायचा. लाकूड जळाल्याचा वास आणि उदाचा वास एकत्र झाला की कसला वास येतो ते तुला सांगत न्हाय, तू चहा पितोयस.

मग पट्ट्याचा श्वास बिघडला. आदी डावीकडं-उजवीकडं करायचा, आता डावीकडंच जायला लागला, जसं कुणी आतनं ओढतंय. आणि एक दिवस पार कडेला जाऊन फाटला. आवाज असा झाला की रत्नम्माच्या बायका सूत सोडून रस्त्यावर आल्या. शेडभर पट्ट्याच्या चिंध्या. चन्नवीर खाली बसून कन्नडमदी देवाला काहीतरी सांगत होता आणि मी त्याला "काय सांगतोस?" म्हणून विचारलं तर म्हणला, "तुजं नाव सांगटलो. मी नोकर हाय म्हनलो."

त्याच गडबडीत आणखी एक घोटाळा. हिंदुरावांची जीप आली. मी नव्हतो, ट्रंक कॉलच्या पावतीवरनं पोस्टात हुज्जत घालत होतो. ड्रायव्हरनं भिंतीला टेकवलेली दोन दारं उचलली आणि नमुना म्हणून केमला नेली. कुठली? रेघांची! लग्नाच्या कार्यालयाला असली दारं! नवरी मुंडावळ्या बांधून आत येणार आणि दारावर हे ओरबाडल्यागत! मी त्या दिवशी घरी गेलो आणि गपचूप पत्र्याच्या ट्रंकेत कपडे भरायला लागलो. कुर्डुवाडीला थंडी असते का रे?

आत्या तेवढ्यात तुळजापूरला गेलेली, बाधा उतरावी म्हणून नवस बोलायला. घरात मी एकटा. ट्रंक ओढत ओसरीवर आणली आणि जरा टेकलो. पाठीला काहीतरी टोचलं. वळून बघतो तर आमच्या दाराची चौकट. दसऱ्याला आत्यानं तिच्यावर हळदीकुंकवाची बोटं ओढलेली. वाळून कडक झालेली, मदी मदी अक्षताचं दाणं चिकटलेलं. मी त्याच्यावरनं बोट फिरवलं. उंचवटा. पाच उंचवटे. चार जवळ जवळ, पाचवा बाजूला.

आणि माझ्या कानात तो इंजिनियर ओरडला. "आत काही चिकटवलं?"

बाळ्या, पूजा! पूजा म्हणजे काही लावणं असं माझ्या डोक्यातच आलं न्हाय रे! कुंकू लावलं म्हणजे काय मशीनला नवीन पार्ट बसवला का? कुणीपण न्हाईच म्हणलं असतं! मी तसाच सायकल मारत शेडवर. चन्नवीरला म्हणलं पट्टा उतरव. उतरवला. ह्या खेपेला हात जोडले न्हाईत, डोळे उघडे ठेवले. आत रबरी ड्रमवर केमचं कुंकू, हळद, तांदूळ, सगळं मिळून दगड झालेलं. पाच बोटं. त्या उंचवट्यांवरनं पट्टा जायचा आणि तेवढ्या जागी लाकडात जास्त घुसायचा. ड्रम गोल गोल, दार सरळ सरळ, म्हणून रेघ ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत. एवढंच! मी शेडमदी नाचलो. चन्नवीर नाचला न्हाय, पण हसला.

मग एकेक उकलत गेलं. थांबायचं कारण, लिंबू! चन्नवीरनं ज्या दांडीला ते बांधलं होतं ती दांडी म्हणजे पट्टा कडेला गेला तर मशीन बंद पडावं म्हणून ठेवलेली. मशीन थरथरलं की लिंबू झोका घ्यायचं आणि दांडीला धक्का द्यायचं. आणि पट्टा एका बाजूला जायचं कारण, ऊद! त्या हवेच्या नळीचं तोंड उदाच्या राळेनं बंद झालं होतं. काठ चाचपणार कशानं? मी सायकलच्या पंपानं नळी फुंकली. आतनं काळी गोळी उडाली आणि चन्नवीरच्या कपाळाला लागली. ठिणग्यांचं म्हणशील तर कोरड्या हवेत टेरिकॉटचा शर्ट काढताना आपल्या अंगावर पण उडतातच की. म्हणजे भूत घालवायला आमी जे जे केलं, त्यातनंच पुढचं भूत निघत होतं. मला त्या ड्रमची दया आली. रॉकेल घेतलं, फडकं घेतलं, घासून घासून ड्रम लख्ख केला. हाताला लोण्यागत लागला पायजे, तसा केला. चन्नवीरनं पण हात फिरवून बघितला. काही म्हणजे काही राहिलं नव्हतं.

नवा पट्टा, सुरू. दार घातलं. बाहेर आलं ते असं, की त्याच्यावर माशी बसली असती तर घसरली असती. अण्णांना बोलावलं. त्यांनी कोटाची बटणं सोडली, पंजा दारावरनं फिरवला, परत फिरवला, आणि म्हणले, "हं." बाळ्या, आमच्या अण्णांचं "हं" म्हणजे दुसऱ्याच्या बापाचा सत्कार समारंभ. मी ट्रंकेतनं कपडे काढून परत खुंटीला लावले.

हितंच थांबलं असतं तर मी तुला चहा पाजून हसत घरी गेलो असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिंदुराव स्वतः आले. बरोबर त्यांच्या पत्नी विजयमालाबाई, ज्यांच्या नावानं कार्यालय निघणार त्या. आत्या पण तुळजापूरहून आलेली, अंगारा घेऊन उभी. मी म्हणलं आता त्या दोन दारांचं काढणार. हात जोडून पुढं झालो, "काका, ती दारं चुकून आली, बदलून देतो, ही बघा नवी."

हिंदुरावांनी नवं दार बघितलं. तोंड पडलं. "ह्याच्यावर बोटं कुटं हायत?"

"कसली बोटं?"

"देवीची!" विजयमालाबाई म्हणल्या. "आमच्या दारावर आपोआप उमटलीत की पाच बोटं. मी बघितली अन् अंगावर काटाच आला बघा. बायका ओटी घेऊन याय लागल्यात. अजून छत न्हाय तवर लोक लग्नाच्या तारखा मागाय लागलेत!"

"तर सगळी दारं तसलीच पायजेत," हिंदुराव म्हणले. "गुळगुळीत दारं मला करमाळ्यात बी मिळतील. बोटं असतील तर ऑर्डर तुमची, न्हाईतर राम राम मिस्त्री."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात कुर्डुवाडीचं स्टेशन होतं, फलाटासकट.

मी मनात म्हणलं, ह्याच्यासारखं सोपं काय? कारण मला ठाऊक हाय, औषध पण माझ्याकडंच. आत्याला बाजूला घेतलं, हळू आवाजात म्हणलं, "आत्या, खंडेनवमीला तू आत ड्रमवर बोटं ओढली होतीस ना, तशी परत ओढ. ऊन हाय, तासाभरात वाळतील."

आत्या म्हणली, "आत कुटं?"

"आत. त्या रबराच्या लाटण्यावर."

"आरं शहाण्या, मी बाहेरच्या झाकणावर ओढली. ही बघ की, अजून दिसत्यात." खरंच, झाकणावर तिची बोटं होती, बारकी, चन्नवीरच्या पंजापुढं निम्मी. "आत माझा हात तरी पोचतोय का? मला वाटलं आतली चन्नवीरनं ओढली."

मी चन्नवीरकडं बघितलं. त्याचा चेहरा पांढरा पडत चालला होता. "मी लिंगायत हाय," तो म्हणला. "मी बाहेरनं विभूती लावटलो. आत मी न्हाय."

पूजेला तिघंच होतो रे. मी झेंडू आणायला गेलेला. अण्णा तर त्या दिवशी घरीच होते.

"काय कुजबुजताय?" हिंदुराव म्हणले. "घाला की एक दार. आमच्यासमोर होऊ द्या."

काय करणार? चन्नवीरनं बटण दाबलं. ड्रम मी स्वतः धुतलेला, पट्टा नवा, लिंबू न्हाय, ऊद न्हाय. मी मनात म्हणत होतो, गुळगुळीत येऊ दे, ऑर्डर गेली तरी चालंल, कुर्डुवाडी तर कुर्डुवाडी, पण गुळगुळीत येऊ दे. दार आत गेलं. पट्टा श्वास घेत होता. फुस्स. फुस्स. हातावरचे केस उभे. दाराचं पहिलं टोक बाहेर आलं, गुळगुळीत. माझा जीव भांड्यात पडला. आणखी आलं, गुळगुळीत.

आणि मग मदीच, निम्म्या दारावर, रेघा सुरू झाल्या.

आता लक्ष दे. ड्रमवर काही असतं तर रेघ दाराच्या सुरुवातीपासनंच आली असती, ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत. आदी तशीच यायची. ही मदीच सुरू झाली. थोडी लांब गेली, आणि शेवट यायच्या आतच संपली. बारीक होत होत, हात उचलून घेतल्यागत. कुणीतरी आत्ताच टेकवला, ओढला आणि उचलला. आणि अंगठा, बाळ्या, आधी डावीकडं असायचा. आता उजवीकडं.

विजयमालाबाईंनी पदर डोक्यावर घेऊन नमस्कार केला. आत्याच्या हातातला अंगारा खाली सांडला. चन्नवीरनं पुढं होऊन झाकणाच्या फटीतनं आत डोकावलं. लगेच मागं झाला आणि झाकण दाबून धरलं. "काय हाय?" मी म्हणलं. तो म्हणला, "तू बगू नको." बास, एवढंच. तेव्हापासनं तो कुणाशी बोललेला न्हाय, कन्नडमदी पण न्हाय.

आणि हिंदुराव आनंदानं टाळी वाजवून ओरडतायत, "वा मिस्त्री, वा! घाला पुढचं! सगळी आजच होऊ द्या!" अण्णा माझ्या खांद्यावर हात ठेवून, आयुष्यात पहिल्यांदा, म्हणतायत, "नंदू, घाल." पुढचं दार माझ्याच हातात. निम्मं मशीनच्या तोंडाशी टेकवलेलं. पट्टा फिरतोय. आणि मला त्या दाराला पलीकडनं, आतनं, हलकेच कुणीतरी धरल्याचं कळतंय. ओढत न्हाय. नुसतं धरलंय. मी घालीन का, त्याची वाट बघतंय.

आता बोल. आता बोल बाळ्या, चहा ठेव खाली आणि सांग. तू काय केलं असतंस?